रात्रपाळी, साखर आणि सकाळची मिसळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत बारा वर्षं तीन शिफ्टमध्ये मशीनवर काम, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. नाईटच्या आठवड्यात दिवसा सात तास अंथरुणात पडूनही उठल्यावर डोकं जड, अंग मोडून आल्यासारखं. कंपनीच्या तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ निघाला. पित्ताचा त्रास जुनाच. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं, आणि तुमचं म्हणणं की गोड मी खातच नाही. मग झोपेचा साखरेशी काही संबंध आहे का, मेलाटोनिनची गोळी सुरू करू का, आणि सोबतचे लोक म्हणतात तशी शरीराला नाईटची सवय होते का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच बहुतेकांची गाडी अडते. सवय होत नाही. निदान आपल्याकडच्या पद्धतीने नाईट केली तर नाहीच. सिडकोत दवाखाना टाकून मला पंचवीस वर्षं होतील. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे तरी अंबड-सातपूरचे कामगार आणि त्यांच्या घरचे. "आपल्याला नाईटची सवय झालीय, डॉक्टर" असं कुणी म्हटलं की मी एकच विचारतो, सुट्टीच्या दिवशी रात्री कधी झोपता? उत्तर ठरलेलं असतं, "अकराला, घरच्यांबरोबर." म्हणजे सहा दिवस शरीराला सांगायचं की रात्र म्हणजे दिवस, आणि सातव्या दिवशी म्हणायचं की नाही, रात्र म्हणजे रात्रच. त्यात सकाळी सव्वासातला गाडीवरून घरी येताना ऊन तोंडावर असतं. सवय होते ती जागरण सोसायची. जागरणाने शरीराचं जे बिघडतं ते तसंच चालू राहतं.

हे का, ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं पटेल.

१७२९ साली एका फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचं झाड अंधाऱ्या खोलीत ठेवलं. ऊन नाही, उजेड नाही, तरी पानं सकाळी उघडायची आणि संध्याकाळी मिटायची. घड्याळ झाडाच्या आतच होतं. तसंच आपल्यातही आहे. डोळ्यांच्या मागे, दोन्ही नेत्रनाड्या एकमेकींना ओलांडतात त्या जागेच्या अगदी वर, साधारण वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. तो शरीराचं मुख्य घड्याळ. त्याचा एक फेरा बरोबर २४ तासांचा नसतो, सरासरी २४ तास आणि दहा-बारा मिनिटांचा भरतो. म्हणून त्याला रोज थोडं जुळवून घ्यावं लागतं, आणि ते काम सकाळचा उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं काम चित्र पाहण्याचं नाहीच. बाहेर उजेड किती आहे, विशेषतः निळसर उजेड किती, एवढंच त्या या घड्याळाला कळवत राहतात. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते फळमाशीवर काम करून उलगडल्याबद्दल हॉल, रोसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. पेशी एक प्रथिन तयार करते, ते साठत जातं, पुरेसं साठलं की स्वतःच्याच निर्मितीला खीळ घालतं, मग हळूहळू विरतं आणि निर्मिती परत सुरू होते. त्या एका फेऱ्याला एक दिवस लागतो.

तुमच्या कामाची गोष्ट यापुढे आहे. घड्याळ फक्त डोक्यात नसतं. यकृत, स्वादुपिंड, आतडी, स्नायू, चरबी, प्रत्येकाचं आपापलं घड्याळ असतं. डोक्यातलं घड्याळ उजेडावर चालतं, पण यकृताचं घड्याळ मोठ्या प्रमाणात जेवणावर लागतं. रात्री दोन वाजता कॅन्टीनमध्ये पूर्ण ताट जेवलं की यकृत समजतं, दुपार झाली. डोक्यातलं घड्याळ म्हणतं, नाही बाबा, मध्यरात्र आहे. एकाच कारखान्यात स्टोअर फर्स्ट शिफ्टमध्ये आणि लाइन थर्डमध्ये चालली तर काय होईल? माल येईल, पण घ्यायला कुणी नसेल. तुमच्या साखरेचं असंच झालेलं असणार.

संध्याकाळनंतर शरीराची साखर हाताळायची ताकद उतरत जाते. जी भाकरी-भाजी तुम्ही सकाळी नऊला पचवता, तीच रात्री दोनला खाल्ली तर रक्तातली साखर जास्त वर जाते आणि जास्त वेळ वर राहते. मधुमेह नसलेल्या धडधाकट माणसातही हे दिसतं. २०२१ साली बोस्टनच्या एका रुग्णालयातल्या संशोधकांनी १९ निरोगी लोकांना चौदा दिवस प्रयोगशाळेत ठेवून खोटी रात्रपाळी करायला लावली. अर्ध्या लोकांनी रात्रीही जेवायचं, बाकीच्यांनी जागायचं रात्रीच पण जेवायचं फक्त दिवसाच्या वेळेत. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. दिवसाच जेवणाऱ्यांची वाढली नाही. दोघांचं जागरण सारखंच होतं, फरक ताटाच्या वेळेचा. माणसं थोडी होती हे खरं, पण दवाखान्यात मी जे बघतो त्याच्याशी हे जुळतं, म्हणून मी नाईटवाल्यांना 'गोड बंद' म्हणायच्या आधी 'दोनचं ताट बंद' म्हणतो. तुमचा ६.१ हा आकडा मधुमेहाचा नाही. ५.७ ते ६.४ हा उंबरठा धरतात. तुम्ही उंबरठ्यावर आहात, तिथून मागे फिरता येतं.

पित्ताचंही तेच. रात्री जठर सावकाश रिकामं होतं, आणि आम्ल साधारण रात्री दहा ते दोनच्या दरम्यान जास्त सुटतं. त्या वेळी आडवं होऊन झोपायचं सोडून वर मसालेदार रस्सा आणि चार वाजताचा कडक चहा घातला तर जळजळ होणारच. आणि मग आपल्या गावाची मिसळ. नाईट सुटली की पाच-सहा जणांनी मिळून मिसळीवर जायचं, हा नाशिकचा जुना रिवाज आहे, मीही खातो. पण सकाळी साडेसातला तर्री, दोन पाव जास्तीचे, वर चहा, आणि आठ वाजता पडदा ओढून झोप, यात पोटाची काय अवस्था होते ते तुमचं तुम्हालाच माहीत आहे. आयुर्वेदात रात्री जागलेल्याला सकाळी जेवणाआधी, जागरणाच्या निम्मा वेळ झोप सांगितली आहे. मी ॲलोपॅथीवाला आहे, पण या जुन्या सल्ल्यातला 'जेवणाआधी' हा शब्द मला फार आवडतो.

आता सात तासांची झोप. तुम्ही म्हणता सात तास झोपतो. मी म्हणतो, सात तास आडवे असता. झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे झोपेची थकबाकी: जितका वेळ जागे, तितकी ती चढत जाते. दुसरं ते घड्याळ. रात्री अकराला झोपणाऱ्याची थकबाकी चढलेली असते आणि घड्याळही म्हणतं, झोप. दोन्ही बैल एकाच दिशेने ओढतात. सकाळी आठला झोपणाऱ्याची थकबाकी भरपूर, म्हणून तो पडल्या पडल्या झोपतो. पण अकरा-बाराला निम्मी थकबाकी फिटते आणि घड्याळ उठवायला लागतं, कारण त्याच्या लेखी ती भर दुपार आहे. शरीराचं तापमान वर चढत असतं, मेलाटोनिन संपलेलं असतं. म्हणून दिवसाची झोप त्याच माणसाच्या रात्रीच्या झोपेपेक्षा एक-दोन तासांनी कमीच पडते, उथळ असते, आणि पहाटेला जी स्वप्नांची झोप भरपूर मिळते ती त्यात कमी असते. मन हलकं राहायला, चिडचिड आटोक्यात राहायला तिचा मोठा हात असतो. घरी भांडणं वाढलीत असं तुम्ही लिहिलंय, त्यात स्वभावाचा दोष किती आणि झोपेचा किती, हे आधी तपासू.

वर घरातले आवाज. एका पेशंटला मी आठवडाभर वही लिहायला लावली होती. नाईटहून आल्यावर किती वाजता झोपलो, कशाने जाग आली, एवढंच. पत्र्याची खोली, एप्रिल महिना. वहीत असं होतं: ८.१० झोपलो. ८.४० घंटागाडीचं गाणं. ९.५० नळ आला, आईने बादली सरकवली. ११.१५ भंगारवाला. १२.३० पोरगं शाळेतून आलं, टीव्ही. १.०० पत्रा तापला, उठून बाहेर ओट्यावर. खाली त्याने लिहिलं होतं, एकूण झोप ५ तास. मी पेनने बेरीज केली, साडेतीन तासही धड नव्हते. त्याची आई सोबत आली होती. ती म्हणाली, "सूर्य डोक्यावर आला तरी लोळतो, असं आमच्याकडे कधी झालं नाही." मी ती वही त्यांच्या हातात दिली. पुढच्या वेळी आले तेव्हा त्या माउलीने सांगितलं, दाराला पाटी लावलीय, 'थर्ड शिफ्ट चालू आहे', आणि शेजारणीला सांगितलंय की दोनच्या आत हाक मारायची नाही. माझ्या गोळ्यांपेक्षा त्या पाटीचा गुण जास्त आला.

'मला सहा तासांत भागतं' म्हणणारेही तुमच्या शिफ्टमध्ये असतील. खरोखर कमी झोपेवर चालणारी माणसं असतात, त्यांच्या जनुकात तसा बदल असतो, पण ती अगदी विरळ. बाकीच्यांचं काय होतं ते २००३ च्या एका अमेरिकन अभ्यासात नीट दिसलं. चौदा दिवस सहा तास झोपवलेल्या लोकांचं लक्ष आणि प्रतिसाद इतका ढासळला की पूर्ण रात्र जागलेल्यांच्या पातळीवर गेला. आणि त्यांना विचारलं तर ते म्हणत होते, थोडी झोप येते एवढंच, बाकी ठीक. झोप कमी पडली की ती कमी पडलीय हे ओळखणारी अक्कलच आधी मंदावते. म्हणून या बाबतीत मी पेशंटच्या शब्दावर जात नाही, बायकोला विचारतो.

एक गोष्ट मात्र साखर आणि पित्ताच्याही आधी सांगायला हवी. नाईटच्या आठवड्यातली पहिली सकाळ. तुम्ही रविवारी सुट्टी घेता, सोमवारी सकाळी सातला उठता, दिवसभर घरची कामं करता, रात्री अकराला पंच करता आणि मंगळवारी सकाळी सव्वासातला गाडी काढता. चोवीस तास जागे. १९९७ च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात दिसलं की सतरा तास जागा माणूस ०.०५ टक्के दारू रक्तात असल्यासारखा वागतो, आणि चोवीस तासांना हा आकडा ०.१० च्या आसपास जातो. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे नाक्यावर पोलिसांच्या यंत्रात शून्य दाखवणारा माणूस हँडलवर मात्र दारू प्यायल्यासारखाच असतो. सिन्नरहून नाशिकला बाइकवर परतणारे पेशंट मला सांगतात, "मधला रस्ता आठवतच नाही." रस्ता आठवत नाही याचा अर्थ मेंदू काही सेकंद झोपून गेला होता. मी हे कुणाला हसून सांगत नाही, कारण मी स्वतः त्यातून गेलोय. निवासी डॉक्टर असताना सलग दुसऱ्या रात्रीच्या पहाटे चार वाजता मी एका केसपेपरवर औषधाचा डोस दहापट लिहिला. टिंब चुकलं. सिस्टरने पेपर माझ्यासमोर परत ठेवला आणि फक्त म्हणाली, "डॉक्टर, तोंड धुऊन या." पहाटे तीन ते पाच ही वेळ मेंदूसाठी दिवसातली सगळ्यात वाईट. तापमान तळाला, लक्ष तळाला. प्रेसवर हात असणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

तेव्हा काय करायचं ते सांगतो.

त्या पहिल्या सोमवारी दुपारी किंवा संध्याकाळी दीड तास झोपून घ्या. साडेसहा ते आठ जमलं तर उत्तम. पोरं खेळत असतील, पाहुणे आले असतील, तरी झोपा. शिफ्टमध्ये ब्रेक मिळाला तर वीस मिनिटांची डुलकी चालते, मोबाइलला गजर लावून. चाळीस-पन्नास मिनिटं झोपलात तर गाढ झोपेतून उठवलं जाईल आणि पंधरा मिनिटं काही सुधरणार नाही. उठल्याबरोबर मशीनला हात लावू नका, आधी तोंड धुवा, चार पावलं चाला.

जेवण घरून साडेआठ-नऊला करून निघा, नेहमीचं, पोटभर. रात्री बारा ते सहा ताट नाही. भूक लागलीच तर मूठभर फुटाणे, एखादं उकडलेलं अंडं, ताक. लोक म्हणतात, ताट सोडलं तर ताकद कशी राहील? पहिल्या दोन रात्री पोट कुरकुरतं, तिसऱ्या रात्री त्याचं त्यालाच कळतं. सुटल्यावर हलकं खा, अर्धी बशी पोहे किंवा एक भाकरी आणि दूध. उपाशी झोपायचं नाही, भुकेनेही जाग येते. मुख्य जेवण दुपारी उठल्यावर. पण हे तुमच्यासारख्या उंबरठ्यावरच्या माणसासाठी. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचं जेवण सोडू नये, नाईटच्या आठवड्यात डोसची वेळ बदलावी लागते. हे वाक्य तुमच्या शिफ्टमधल्या मधुमेही मित्राला नक्की वाचून दाखवा.

चहा रात्री दोनपर्यंत. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही रक्तात असतो. पाच वाजता घेतलेला कडक चहा सकाळी दहालाही तुमच्यासोबत अंथरुणात असतो.

उजेडाचं गणित उलटं करा. शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यात भरपूर उजेडात राहा, शेवटच्या दोन तासांत शक्य तितका कमी. घरी खोली इतकी अंधारी हवी की हात दिसू नये. महागडे पडदे नकोत, खिडकीला काळा चार्ट पेपर किंवा जाड गोधडी पुरते. कूलरचा आवाज चांगला, तो बाकीचे आवाज गिळतो. परदेशी सल्ल्यांत घरी जाताना काळा गॉगल घाला असं असतं. उजेड अडवायला तो बरोबर आहे, पण डोळे मिटत असताना बाइकवर गॉगल घालून त्यांना आणखी अंधार द्यायचा हे मला पटत नाही. कंपनीच्या बसने येत असाल तर जरूर घाला.

झोप एका तुकड्यात झाली नाही तर जीव टाकू नका. तुमच्यासारख्या दर आठवड्याला फिरणाऱ्याने घड्याळ पूर्ण उलटं करायच्या नादी लागूच नये. घड्याळ दिवसाला फार तर एखादा तास सरकतं. ते सरकेपर्यंत तुमचा आठवडा संपतो. त्यापेक्षा सकाळी आठ ते एक पाच तास आणि संध्याकाळी दीड तास, असे दोन तुकडे करा. फर्स्ट आणि सेकंडच्या आठवड्यांत मात्र रात्री साडेबारा ते साडेपाच हे पाच तास झोपेत जातील असं बघा. फर्स्टला असाल तर दहाला झोपा, सेकंडहून आलात तर साडेबाराला पडा, पण हा मधला पट्टा दोन्हीत तोच. घड्याळाला तेवढी तरी एक खुंटी मिळते. शेवटच्या नाईटनंतर रविवारी सकाळी फक्त दोन-तीन तास झोपून उठा, बाहेर उन्हात फिरा आणि रात्री दहाला सगळ्यांबरोबर झोपा.

तुमची शिफ्ट कोणत्या क्रमाने फिरते ते लिहिलेलं नाही. फर्स्टनंतर सेकंड, मग थर्ड, असा क्रम शरीराला सोपा जातो, कारण आपलं घड्याळ चोवीस तासांहून जरा लांब आहे, त्याला उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं. उलट क्रमाने फिरत असाल तर युनियनमध्ये हा विषय काढा. अमेरिकेत युटामधल्या एका खनिज कारखान्यात क्रम सुलटा केला आणि आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी शिफ्ट बदलायला लागले. कामगारांचं समाधान वाढलं आणि उत्पादनही वाढलं. १९८२ साली ते प्रसिद्ध झालं. मॅनेजमेंटला समाधानापेक्षा उत्पादनाचं जास्त पटेल, तेच आधी सांगा.

आता गोळी. मेलाटोनिन हे झोपेचं औषध नाही. ते शरीर स्वतःच संध्याकाळ उलटल्यावर सोडतं, आणि त्याचा निरोप एवढाच असतो की रात्र झाली. गोळीही तेवढंच करते, घड्याळाला वेळ सांगणारी चिठ्ठी. योग्य वेळी दिली तर उपयोगी, चुकीच्या वेळी दिली तर घड्याळ आणखी भलतीकडे सरकतं. दर आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्याला मी ती सहसा देत नाही, खोली अंधारी करून ताट हलवून बघितल्याशिवाय तर नाहीच. झोपेच्या खऱ्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलामसारख्या, कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर आणून घेणारे माझ्याकडे महिन्याला दोन-तीन तरी येतात. त्या सोडवताना जो त्रास होतो तो बघितला तर कुणी सुरूच करणार नाही. आणि सकाळी झोप यावी म्हणून क्वार्टर मारणारेही आहेत. दारूने डोळा लागतो, पण दोन-तीन तासांनी झोप फाटते आणि घोरणं वाढतं.

मोबाइलबद्दल सगळे बोलतात, म्हणून दोन शब्द. निळ्या उजेडाचा जितका बाऊ केला जातो तितका तो नाही. झोपायच्या आधी चार-चार तास टॅबलेटवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला साधारण दहा मिनिटं जास्त लागली, असं एका अभ्यासात निघालं होतं. दहा मिनिटं. तुमची झोप स्क्रीनच्या उजेडाने जात नसून 'अजून एक रील' करत पाऊण तास जातो, त्याने जाते.

हा त्रास फक्त कारखान्यातला नाही हेही सांगतो, कारण तुमचं गाव निफाडकडचं आहे असं तुम्ही लिहिलंय. शेतपंपाला रात्रीची वीज असते त्या आठवड्यात द्राक्षबागेत पहाटे दोनला पाणी धरायला जाणारा शेतकरी हाही रात्रपाळीवाला कामगारच. वर बिबट्याची धास्ती, थंडीत पाण्यात पाय, आणि सकाळी दुधाची घाई आहेच. गावाकडे वडिलांचा बीपी गोळ्या घेऊनही हलत नसेल, तर त्यांना एकदा विजेचं वेळापत्रक विचारा. झोपेत रक्तदाब साधारण दहा ते वीस टक्के खाली यायला हवा. झोपच नसेल तर तो खाली येणार कधी?

आणि मुलांचं. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या बरेच पश्चिमेला आहोत. नाशिकचा सूर्य घड्याळाच्या सुमारे पस्तीस मिनिटं मागे चालतो. जानेवारीत इथे सूर्य उगवतो सातच्या पुढे, आणि सातची शाळा असेल तर पोरगं अंधारात रिक्षात बसतं. चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय २०२४ मध्ये निघाला, तो योग्यच होता. खरी गरज आठवी-दहावीवाल्यांना जास्त आहे, त्या वयात घड्याळ आपोआप उशिरावर सरकतं. तो आळस नसतो. असो, हा वेगळा विषय.

तुम्ही कॅन्सरबद्दलही घाबरत घाबरत विचारलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये, आणि परत २०१९ मध्ये, रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं हे खरं आहे. त्याच गटात ६५ अंशांहून गरम पेयंही आहेत. हा गट पुरावा किती भक्कम ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. यासाठी नोकरी सोडायची गरज नाही. तंबाखूची पुडी खिशात असेल तर तिची काळजी आधी करा.

शेवटची एक तपासणी मात्र टाळू नका. घरी वहिनींना विचारा, तुम्ही मोठ्याने घोरता का, आणि घोरता घोरता मध्येच श्वास थांबून हबकून जाग येते का. मान जाड, पोट सुटलेलं, सकाळी डोकं दुखतं, बीपी वर, आणि झोपूनही झोप पुरत नाही, असं सगळं असेल तर नुसत्या शिफ्टला दोष देऊन चालणार नाही. झोपेत श्वास अडण्याचा आजार असू शकतो. त्याची रात्रभराची झोपेची तपासणी नाशिकमध्ये होते. आजार निघाला तर उपचार आहे, आणि त्याने साखर आणि बीपी दोन्हींना मदत होते. श्वासच अडत असेल तर वरचं सगळं करूनही थकवा जाणार नाही.

बाकी, पुढच्या नाईटच्या आठवड्यात एक दोनशे पानी वही घ्या. झोपलो कधी, उठलो कशाने, रात्री काय खाल्लं, चहा कितीला, गाडीवर डुलकी आली का. सेकंड आणि फर्स्टचेही आठवडे लिहा, म्हणजे तीन आठवड्यांची पूर्ण फेरी होईल. दोनचं ताट बंद करून तीन महिन्यांनी परत साखर तपासा, त्याआधी नको, कारण तो आकडा तीन महिन्यांचाच हिशोब देतो. कागद आणि वही दोन्ही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. आणि मिसळ कुठल्या वारी खाल्ली तेही खरं खरं लिहा.